अकरा सेकंदांचा गेंडा

बाबांना जावाचा गेंडा बघायचा होता. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता, आणि डोळ्यांचाच काही भरवसा राहिला नव्हता. सगळी घाई त्यामुळे झाली.

बाबा भंडाऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. रंगीत खडू स्वतः विकत आणायचे आणि कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. दरवर्षी त्यांचा एक तास आशियातल्या गेंड्यांचा असायचा. मी त्या वर्गात मागच्या बाकावर मान खाली घालून बसले आहे, कारण बाप शिकवत असताना मान वर करावी असं कोणत्या मुलीला वाटेल? ते फळ्यावर तीन गेंडे काढायचे. पहिला आपला, आसामचा. दुसरा सुमात्राचा, केसाळ, दोन शिंगांचा. तिसरा जावाचा, आणि तो काढताना खडू जरा हळू चालायचा. "खांद्यापुढची घडी बघा," ते म्हणायचे. "आपल्या गेंड्याची घडी पाठीपर्यंत पोचत नाही. याची पाठीवरून पलीकडे जाते, खोगीर घातल्यागत. आणि जावाच्या मादीला बहुतेक शिंगच नसतं. परीक्षेत मादी काढून तिला शिंग लावाल, तर अर्धा मार्क कापीन." कापायचेही. माझाही कापला होता.

आसामचा गेंडा त्यांनी कॉलेजच्या सहलीत बघितला होता. सुमात्राच्या गेंड्याची त्यांनी कधी आशा धरली नाही. जावाचा मात्र त्यांच्या मनात घर करून होता. आता तो जगात एकाच जंगलात उरला आहे, बेटाच्या पार पश्चिमेच्या टोकाला. रिटायर झाल्यावर जाऊ, असं ते म्हणत. रिटायर झाले आणि आईचं आजारपण आलं, त्यात काही वर्षं गेली. आई गेली, आणि वर्षभरात बाबांच्या डोळ्यांचं सुरू झालं.

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत जाण्याचा हा आजार. समोर बघितलं की बरोबर मधोमध राखाडी डाग दिसतो आणि बाजूचं सगळं दिसत राहतं. समोर माणूस उभा असला तर त्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं सुरू केली आणि सांगितलं, की यानं आजार थोपवता येईल, परतवता येणार नाही. डाग हळूहळू मोठा होणार. काही बघायचं राहिलं असेल तर लवकर बघून घ्या.

मी साता समुद्रापार, फ्रीमाँटला राहते. नवरा, दहा वर्षांची मुलगी आणि मी. आमच्या टाउनहाउसच्या दोन्ही भिंतींपलीकडे आपलीच माणसं आहेत, त्यामुळे शनिवारी दुपारी तीन घरांचे कुकर एकमेकांना उत्तरं दिल्यासारखे शिट्ट्या मारतात. माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची. दुसऱ्याच्या कामात काय राहून गेलंय ते शोधायचं आणि त्याला नम्र भाषेत कळवायचं. नम्र भाषा मला कधी जमली नाही. शोधणं जमतं, असा माझा समज होता.

त्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे आले होते. रोज सकाळी मी त्यांना गावातल्या मोठ्या तळ्यावर फिरायला न्यायची. तिथं राजहंसाच्या आकाराची जाडजूड बदकं असतात, माणसाला न घाबरणारी आणि रस्ताभर घाण करणारी. बाबांना ती बघायची असत, पण नेमक्या बदकावरच डाग यायचा. ते चिडायचे. "पाणी दिसून राहिलं, गवत दिसून राहिलं, आणि बदक तेवढं गायब," असं म्हणायचे.

युक्ती माझ्या मुलीनं शोधली. डॉक्टरांनी बाजूनं बघायची सवय करा असं सांगितलं होतं, पण बाजूनं म्हणजे नेमकं कुठं हे कोणालाच ठरवता येत नव्हतं. ती म्हणाली, "आजोबा, प्रिटेंड द डक इज इन द मिडल ऑफ अ क्लॉक. नाऊ लुक ॲट टेन." बाबांनी बदकाऐवजी घड्याळातले दहा जिथं असतील तिथं, जरा डावीकडे आणि वर बघितलं. आणि बदक दिसलं. चोच, गळ्याचा पांढरा पट्टा, सगळं. बाबा इतके मोठ्यानं हसले की ते बदक पाण्यात गेलं.

पण समोर काही आलं की माणूस सरळच बघतो, ही जन्माची खोड आहे. बाबा दर वेळी सरळ बघत आणि दर वेळी कोणीतरी बाजूनं म्हणावं लागे, "घड्याळातले दहा." मग ते मान वळवत. दोन महिने आम्ही हेच केलं. सिग्नलचा दिवा, टीव्हीवरचं क्रिकेट, नातीचा चेहरा. सांगणारं माणूस जवळ असलं, की बाबांना पुष्कळ काही दिसायचं.

तेव्हाच मी ती सफर शोधून काढली. गाइडबरोबर सहा दिवस जंगलात, एका गटात सहाच जण, पहाटे छोट्या होडीतून नदीनं वर जायचं आणि काठावर नजर ठेवायची. त्यांच्या माहितीपत्रकात प्रामाणिकपणे लिहिलं होतं की गेंडा दिसेल असं आम्ही सांगत नाही. बहुतेकांना पायांचे ठसे दिसतात, चिखलात लोळल्याची जागा दिसते, शेण दिसतं. मी हे बाबांना वाचून दाखवलं. "शेणसुद्धा चालेल," बाबा म्हणाले, "पण तू बाजूला बसून सांगशील ना?"

"सांगीन ना बाबा. त्यासाठीच येतेय."

असं ठरलं. ते नागपूरहून निघणार, मी इथून, आणि आम्ही जकार्ताला भेटणार. बाबा भारतात परतले आणि रोज फोनवर जंगलातले बूट, जळवा, मच्छरदाणी अशा चौकशा करू लागले. बहात्तराव्या वर्षी त्यांच्या आवाजात जे आलं होतं, ते आई गेल्यापासून मी ऐकलं नव्हतं.

निघायला सोळा दिवस होते. रविवार होता. मी डायनिंग टेबलावर सगळे कागद पसरून त्यांचे फोटो काढत होते. पासपोर्ट झाला, विमा झाला, मग माझं वर्क परमिटचं कार्ड हातात घेतलं. त्याच्यावर बारीक अक्षरांत एक ओळ होती. या कार्डावर देशात पुन्हा प्रवेश मिळणार नाही.

मी ती ओळ चार वेळा वाचली.

इथं आमच्यासारख्यांचं आयुष्य कागदांवर चालतं. ग्रीन कार्डाचा अर्ज आत गेलेला असतो आणि ते हातात कधी येईल हे देवही सांगणार नाही. तोवर काम करायला एक परवानगी लागते, आणि देशाबाहेर जाऊन परत यायला दुसरी. या दुसरीला इथं पॅरोल म्हणतात, कैद्याला देतात तोच शब्द, आणि आता आम्हाला त्याचं काही वाटतही नाही. माझ्या जुन्या कार्डावर दोन्ही परवानग्या एकत्र होत्या. त्याची मुदत संपली, नवं कार्ड आलं. तोच रंग, तोच माझा चोरासारखा फोटो. मी ते पाकिटात सारलं आणि निर्धास्त झाले. प्रवासाची परवानगी आता वेगळी येते, हे मला माहीत असायला हवं होतं. ती अजून आलेलीच नव्हती.

नोकरीचा व्हिसा असता तर कदाचित दुसरी वाट निघाली असती. पण आदल्या वर्षी आधीच्या कंपनीनं मला काढलं होतं आणि नवी नोकरी मी या कार्डाच्या जोरावर धरली होती. आता देशाबाहेर पाऊल टाकलं, की अर्ज मीच सोडून दिला असं धरणार. नवऱ्याचा अर्ज माझ्या अर्जाला बांधलेला, म्हणजे तोही गेला. अकरा वर्षं रांगेत काढली होती. मुलीची शाळा, घर, सगळं त्या एका फाइलवर उभं होतं.

"यार, तू टेस्टर आहेस," नवरा म्हणाला. त्याला तसं म्हणायचं नव्हतं, त्याच्या तोंडून निघून गेलं. मी त्याच्यावर इतकी ओरडले, की डावीकडच्या घरातला टीव्हीचा आवाज कमी झाला. मग मी त्या कार्डावरच डोकं टेकून रडले. चूक त्याची नव्हती, वकिलाची नव्हती, सरकारचीही नव्हती. तिथं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि न वाचणारी मी होते.

तातडीचं कारण असेल तर इथल्या ऑफिसात हातोहात परवानगी देतात, असं वकिलानं सांगितलं. मी वेळ घेऊन गेले. खिडकीतली बाई भली होती. तिनं विचारलं, काय इमर्जन्सी आहे? मी म्हटलं, वडिलांचे डोळे जाताहेत. तिचा चेहरा लगेच मऊ झाला. तिनं हॉस्पिटलचं पत्र मागितलं. माझ्याकडे पत्र होतं, सफरीसाठी बाबांच्या डॉक्टरांकडून घेतलेलं. तिनं ते वाचलं. प्रकृती उत्तम, सध्या कोणत्याही तातडीच्या उपचाराची गरज नाही, जंगलातल्या प्रवासास हरकत नाही. "धिस इज गुड न्यूज, मॅम," ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. बदक सांगितलं, घड्याळ सांगितलं, गेंडा सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, माझ्यामागच्या रांगेकडे एकदा पाहिलं आणि सॉरी म्हणाली. मनापासून म्हणाली. मला वाटतं तिलाही माझ्यासारखंच वाटत होतं, पण त्याचा उपयोग दोघींनाही नव्हता.

बाबांना मी फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "तू नको येऊ. मी जातो."

"एकटे?"

"सहा जण आहेत ना. एकटा काहून?"

"बाबा, पुढच्या वर्षी जाऊ ना. तोपर्यंत माझा कागद येईल."

"पुढच्या वर्षी गेंडा असेल पोरी," ते म्हणाले. "मी माझ्या डोळ्यांचं सांगून राहिलो."

जे हातात होतं ते केलं. गाइडसाठी यादी केली. आपल्या लोकांची सवयच आहे ती, माणूस परगावी निघाला की त्याच्यामागून सूचनांचं गाठोडं पाठवायचं. मी एक्सेलमध्ये एक्केचाळीस ओळी लिहिल्या. अंडं चालत नाही. मासे चालत नाहीत, चटणीत वाळलेली कोळंबी घालता तीही चालत नाही. गुरुवारी उपास असतो, केळी आणि शेंगदाणे चालतील. चहा बिनसाखरेचा, सकाळी सहाला आणि दुपारी चारला, आणि भरून कप. शुगरची गोळी जेवणाआधी. डावा गुडघा दुखतो, होडीत चढताना उजवीकडून हात द्या. हात दिला तर चिडतील, तरी द्या. डोळे अधू आहेत, वाटेत मुळं असली तर आधी सांगा. रात्री एकटं उठू देऊ नका. नावानं हाक मारू नका, सर म्हणा. मी ती यादी तीनदा तपासली. गाइडचं उत्तर आलं, मोडक्या इंग्रजीत: ओके मॅडम, माझ्या वडिलांसारखं सांभाळतो.

आणि त्यानं सांभाळलं. त्याच्याकडे उपग्रहावरून छोटे निरोप पाठवायचं यंत्र होतं. तिथली रात्रीची जेवणं आटोपली, की आमच्याकडे सकाळी सहाच्या सुमाराला निरोप यायचा. मी चहाचं आधण ठेवून फोन हातात धरून उभी राहायची. पहिल्या दिवशी: सगळे ठीक, अंकल भात खातात. दुसऱ्या दिवशी: पाऊस, जळवा, अंकल हसतात. सर म्हणा असं लिहूनही तो अंकल म्हणत होता, म्हणजे बाबांनीच सांगितलं असणार. तिसऱ्या दिवशी: ठसे, ताजे, अंकलनी हातानं मोजले. बाबा चिखलात बसून बोटांनी ठसा चाचपताहेत हे चित्र मी दिवसभर घेऊन फिरले. चौथ्या दिवशी: काही नाही.

पाचव्या दिवशी निरोप आला. आज पहाटे गेंडा. नदीकाठी. सगळ्यांनी पाहिला. अंकल रडले.

मी किंचाळले. नवरा दात घासता घासता पळत आला. मुलगी उठून आली आणि बातमी ऐकून खुर्चीवर उभी राहून नाचली. मी हिशोब केला: तिथली पहाट म्हणजे इथली आदल्या दिवशीची दुपार. तेव्हा मी ऑफिसातून परतताना फ्रीवेवर अडकले होते आणि पुढच्या ट्रकला शिव्या देत होते. त्याच वेळी माझ्या बाबांना गेंडा दिसत होता. मी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर बातमी टाकली आणि धडाधड फुलं आली. मी शिरा केला. कार्ड वाचल्यापासून छातीवर जो दगड होता तो त्या दिवशी उतरला. माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. माझ्या चुकीनं काही बिघडलं नव्हतं.

बाबा नागपूरला पोचल्यावर बोलणं झालं.

"दिसला?"

"दिसला ना!" ते म्हणाले. "काय जनावर आहे, पोरी! पानांतून असा बाहेर आला. खांद्यापुढची घडी पाठीवरून पलीकडे, खोगीर घातल्यागत. शिंग मोठं नव्हतं, गाजराएवढं असेल, पण होतं. पाणी प्यायला, आमच्याकडे बघितलं, गेला."

ते वर्गात बोलायचे तसंच बोलत होते. मी डोळे पुसत ऐकत होते. पुढे ते कॉलनीतल्या सगळ्यांना सांगत सुटले, जुन्या सहकाऱ्यांना घरी बोलावून सांगितलं. त्यातल्या एका काकूंचा मला फोनही आला की तुझ्या बाबांना बोलताना एकदा ऐकच.

आठवड्याभरानं गाइडनं फोनवर काढलेला व्हिडिओ पाठवला. मी तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून बघितला. अकरा सेकंदांचा होता. होडीचं टोक, तपकिरी पाणी, समोर काठावर दाट पानं. डाव्या कोपऱ्यात बाबांची टोपी आणि मानेचा मागचा भाग. पानं हलली, त्यातून एक राखाडी डोकं बाहेर आलं, मग खांदा, मग पाठ. त्यानं पाण्याला तोंड लावलं, मान वर केली, आणि सगळा चेहरा आमच्या बाजूला आला. नाकाडावर काही नव्हतं. शिंग नव्हतं.

मी परत लावला. या वेळी गेंड्याकडे बघितलं नाही, टोपीकडे बघितलं. टोपी समोर होती, नाकासमोर, बाण सोडल्यासारखी. गाइडचा हात बाबांच्या खांद्यावरून पुढे आला होता आणि तो दबक्या आवाजात, जिवाच्या आकांतानं मदत करत होता. "देअर, अंकल. स्ट्रेट. स्ट्रेट. स्ट्रेट." आणि बाबा, आयुष्यात कोणाचं न ऐकणारे माझे बाबा, त्याचं ऐकून सरळ बघत राहिले. अकराच्या अकरा सेकंद.

मी लॅपटॉप उघडला आणि ती यादी काढली. एक्केचाळीस ओळी. कोळंबी होती, गुडघा होता, शेंगदाणे होते. डोळे अधू आहेत असंही लिहिलं होतं, पण ते मुळांना ठेचकाळू नयेत म्हणून. घड्याळातले दहा कुठंच नव्हतं. ते गाइडचं काम नव्हतं, ते माझं काम होतं, आणि स्वतःचं काम कोणी दुसऱ्याच्या यादीत लिहीत नाही. एक ओळ. अंकलना गेंड्याकडे नाही, त्याच्या वर डावीकडे बघायला सांगा. मी ती लिहायला विसरले नव्हते, मला ती सुचलीच नव्हती. दोन्हींतलं वाईट कोणतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अंकल रडले, असं त्यानं लिहिलं होतं. तो निरोप मी पुन्हा वाचला.

बाबा व्हिडिओ मागत राहिले आणि मी टाळत राहिले. फाइल मोठी आहे, जात नाही. गाइडनं अजून दिला नाही. नेट स्लो आहे. मला ठाऊक होतं, त्यांना फोनवर तो दिसणार नाही, पण कॉलनीत कोणी ना कोणी बघेल आणि विचारेल, सर, शिंग कुठाय? आणि बाबांचं तोंड मला दिसायचं. सांगून टाक, असं नवरा म्हणाला. काय सांगू? तुम्ही खोटं बोललात, आणि ते माझ्यामुळे बोललात, हे कसं सांगू?

काही आठवड्यांनी माझा प्रवासाचा कागद पोस्टानं आला. साधं पांढरं पाकीट होतं. पुढे गाइडनंच कळवलं की गेंड्यांच्या रक्षणासाठी जंगलाचा तो भाग पर्यटकांना बंद झाला आहे, पुन्हा कधी उघडेल ते माहीत नाही. गेंड्यांच्या दृष्टीनं चांगलंच झालं. मी तो कागद कार्डाशेजारी ठेवला.

नोव्हेंबरात बाबा पुन्हा फ्रीमाँटला आले. विमानतळावर त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. त्याच आठवड्यात मंडळाचं दिवाळीचं स्नेहसंमेलन होतं आणि आमच्या एका उत्साही काकूंनी परस्पर ठरवून टाकलं की बाबांनी जंगलातला अनुभव सांगायचा आणि मागे पडद्यावर व्हिडिओ दाखवायचा. बाबा हो म्हणाले. मी नको म्हणण्याआधी ते ग्रुपवर गेलंसुद्धा. शंभर माणसांसमोर बाबा शिंगाचं वर्णन करणार होते आणि त्यांच्या डोक्यामागे मोठ्या पडद्यावर शिंग नसणार होतं.

आदल्या दुपारी नवरा मुलीला पोहायच्या क्लासला घेऊन गेला. मी दिवाणखान्याचे पडदे ओढले आणि म्हटलं, "बाबा, उद्याच्या आधी एकदा व्हिडिओ बघून घेऊ."

"मिळाला?" ते म्हणाले आणि लगबगीनं सोफ्यावर येऊन बसले, टीव्हीच्या अगदी समोर.

लावला. अकरा सेकंद. ते सरळ बघत होते.

"बाबा," मी म्हटलं, "घड्याळातले दहा."

मी पुन्हा लावला. त्यांनी मान जराशी वळवली. पुन्हा लावला, अजून वळवली. उन्हाळ्यात जी जागा होती ती आता राहिली नव्हती, डाग वाढला होता. ते दहाकडे बघत होते, मग नऊकडे, मग पार खिडकीकडे. "हिरवं दिसून राहिलं," ते म्हणाले. "काहीतरी हललं." मग अगदी सहज आवाजात त्यांनी विचारलं, "शिंग नीट आलंय ना व्हिडिओत?"

मला आलंय म्हणता आलं असतं. मग उद्या? डावीकडच्या भिंतीपलीकडे कुकरची शिट्टी झाली, तिला उजवीकडच्या घरानं उत्तर दिलं, आणि मी तशीच रिमोट धरून बसले होते.

"शिंग नाहीये, बाबा."

बाबांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं तो बराच वेळ पुसला, दोन्ही काचा, दोन्ही बाजूंनी.

"मादी होती तर," ते म्हणाले.

मी त्यांचा हात धरला. "मला का नाही सांगितलंत?"

"तू आधीच त्या कार्डापायी रडून राहिली होतीस," ते म्हणाले. "अजून किती रडवू तुला?" मग जरा हसल्यासारखं केलं. "माझा अर्धा मार्क गेला पण."

मला रडू आवरत नव्हतं. त्यांनी माझा हात सोडवून घेतला, चष्मा लावला आणि पुन्हा टीव्हीच्या दिशेनं ताठ बसले. "लाव परत. आणि तू सांग. त्या दिवशी सांगणार होतीस तसं."

मी लावलं आणि सांगायला लागले. "पाणी तपकिरी आहे. समोर पानं आहेत, मोठी, केळीसारखी. आता हलताहेत. डोकं आलं, राखाडी, ओलं. कान..." बोलायला वेळ लागतो. मी कानांपाशी होते आणि तिचं पाणी पिऊन झालं होतं. मी खांद्यावर आले तोवर ती वळली होती.

"घडी?" बाबांनी विचारलं. "घडी पाठीवरून पलीकडे जाते का?"

"थांबा, परत लावते," मी म्हटलं.